दम घेणारा झरा

धान पिवळं झालं की मूलच्या हवेला एक वास सुटतो. दवात भिजलेल्या तणसाचा, धुऱ्यांवरच्या कापलेल्या गवताचा, चिखल वाळत आलेल्या बांध्यांचा. त्यात कुणीतरी मागच्या अंगणात उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान उकडायला ठेवतं. मोठाल्या गंजात धान खदखदतं आणि त्याची वाफ गल्लीभर फिरते. बाहेरचे लोक त्या वासानं नाक धरतात. नाक धरणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. मला मात्र ती वाफ आली की हसू येतं, आणि एकटीच हसत बसते. घरातले म्हणतात, आता वय झालं. वय झालंच आहे, पण हसू त्याचं नाही.

परवा भाचीची पोरं मला उघड्या जिप्सीत कोंबून ताडोबाला घेऊन गेली. वाघीण रस्त्यात बसली होती. तिच्या मागंपुढं गाड्यांची ही रांग, आणि ती सगळ्यांकडे पाठ फिरवून लग्नात रुसलेल्या आत्याबाईसारखी बसलेली. पोरं म्हणाली, "आजी, बघ ना, किती जवळून!" मी बघितलं. छानच होती. पण माझं लक्ष पुढच्या गाइडकडे होतं. इस्त्रीचा खाकी सदरा, मोजकं बोलणं, सगळं खरं खरं सांगणारा. मला श्रावणभाऊ आठवले आणि त्या बिचाऱ्या पोराची कीव आली. सगळं खरंच सांगायचं म्हटल्यावर जंगलात सांगण्यासारखं उरतं काय?

ते दिवस पन्नासच्या दशकातले. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, सगळं जंगल एकाच चांद्याच्या पदरात. ताडोबाला राष्ट्रीय उद्यान म्हणून नुकती पाटी लागली होती आणि त्या पाटीचं काय करायचं ते आमच्याकडं कुणालाच कळलं नव्हतं. जंगलात माणूस लाकडाला जातो, मोहाला जातो, तेंदूपानाला जातो. नुसतं पाहायला कोण जातं? माझे बाबा मूलला धानाची गिरणी चालवायचे. ते जेव्हा गिरणीत म्हणाले की मी पाहुण्यांना जंगल दाखवायला नेऊन राह्यलो, तेव्हा हमाल पोत्यावर बसून हसले.

पाहुणे म्हणजे मला पाहायला येणारे पाहुणे. इथं माझी थोडी कर्मकथा सांगावी लागेल. तोवर माझी काही स्थळं येऊन गेली होती आणि सगळ्यांची तक्रार एकच, मुलगी बोलते. एका वरबापानं मला विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का?" मी म्हटलं, "येतो. तुमच्या मुलाला काय काय येते?" चहा अर्धा टाकून मंडळी उठली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दूरच्या नात्यातून साताऱ्याचं हे स्थळ आलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "इंदू, हे स्थळ गेलं तर मी आता कोनाच्या दारात जानार नाई. माह्यात जीव नाई उरला आता." बाबा असं कधी बोलत नसत. मला वाईट वाटलं, आणि मी कबूल केलं की या खेपेला तोंड उघडणार नाही.

मुलाचं नाव माधव, टपाल खात्यात. त्याचे वडील नाना, निवृत्त भूगोल शिक्षक. जन्मभर त्यांनी वर्गात गरम पाण्याचे झरे शिकवले होते, फळ्यावर रंगीत खडूनं पृथ्वीचं पोट चिरून दाखवलं होतं, पण स्वतः एकही झरा पाहिला नव्हता. कोकणातले पाहायचे ठरले की दर वेळी घरात कोणीतरी आजारी पडायचं. हे बाबांना कळलं मात्र! लगेच त्यांनी निरोप धाडला की आमच्याकडं वैनगंगेच्या पलीकडं ऊनझरी गावात गरम पाण्याचं कुंड आहे, आधी ताडोबा दाखवतो, मग ते. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम वाटेत उरकू. नाना एका पायावर तयार झाले. मुलीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, झऱ्याबद्दल मात्र बरंच विचारलं.

वाटाड्या म्हणून बाबांनी श्रावणभाऊंना घेतलं. श्रावणभाऊ आमच्या गिरणीवरचे मुकादम, पण ते नावापुरते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, बाजार, पाळणे, आणि दंडारीच्या नाटकांचे खेळ. त्या खेळांत श्रावणभाऊ राजा व्हायचे. राजाचा आवाज त्यांना उतरवताच येत नसे. "बंडी थांऽऽबवा!" असं ते गर्जले की बैल आपोआप थांबत. ऊनझरी ही त्यांची सासुरवाडी. निघण्याआधीच त्यांनी सासूकडं निरोप पाठवला, "मोठे सायेब येऊन राह्यले. फक्त आपलं पानी पाह्याले." या एका निरोपानं पुढचं सगळं घडलं.

दोन बंड्या निघाल्या. एकीत नाना, बाबा आणि श्रावणभाऊ. दुसरीत मी, आई आणि डब्यांची चळत. माधव कधी या बंडीमागं, कधी त्या बंडीमागं पायी चालायचा. सकाळचं धुकं सागाच्या पानांवरून टपटपायचं. बैलांच्या नाकातून वाफ यायची. नाना गळपट्टा कानांवरून घेऊन, थर्मामीटर उरावर धरून बसलेले. ते थर्मामीटर त्यांनी लाकडी नळीत, कापसात गुंडाळून आणलं होतं. पोटच्या पोराकडे नसेल इतकं त्याच्याकडे लक्ष.

आमच्या जंगलात वाटेवर दगडांचे ढीग असतात. जाणाऱ्या प्रत्येकानं तिथं एक दगड नाहीतर पाल्याची फांदी टाकायची, म्हणजे वाटेत वाघरू आडवं येत नाही. श्रावणभाऊंनी सगळ्यांना उतरवलं. आम्ही फांद्या टाकल्या. नाना मात्र ढिगातलाच एक दगड उचलून निरखायला लागले. "हा वालुकाश्म. हा इथला नाही. हा कुणी आणला?"

"कोनीतरी भेला असन जी," श्रावणभाऊ म्हणाले, "ठेवा तो खाली. त्याची भीती तुमाले कायले पायजे?"

नानांनी दगड झटकन खाली ठेवला आणि वर आपला एक टाकला.

ताडोबाच्या तळ्यावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पाणी इतकं स्तब्ध की पाणकोंबडी चालली तरी रेघ उमटत होती. दूर काठावर मगर ओंडक्यासारखी पडलेली. वाघ काही दिसेना. श्रावणभाऊंना तो स्वतःचा अपमान वाटला. "तो पाहा, आत्ताच गेला. गवत हालून राह्यलं ना!" गवत वाऱ्यानं हलत होतं. पुढं म्हणाले, "इथीच पानी पिला. माती ओली हाय." तळ्याकाठची माती ओली असायचीच. शेवटी नानांनी विचारलं, "अहो, पण तो आहे कुठं?" श्रावणभाऊ फेटा सावरून गंभीरपणे म्हणाले, "मंडईले गेला असन."

माझ्या पोटात हसू असं काही उसळलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आई डोळे वटारून बघत होती. तेवढ्यात माधव माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "तुम्ही बोलत का नाही? बरं नाही का?"

मी म्हटलं, "बोलू नको असं सांगितलं आहे."

तो इतक्या जोरात हसला की वडावरचा मोर उडाला. मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "मलाही सांगितलंय. मुलीसमोर हसू नकोस, म्हणे. दात पुढं आहेत ना." खरंच होते. त्या दातांवर माझा जीव जडला, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही. तोवर स्थळ बाबांसाठी हवं होतं. त्या तळ्याकाठी ते मला माझ्यासाठी हवंसं झालं.

तिथून ऊनझरीपर्यंतची वाट मला नुसती जेवणांनी आठवते. कापणी चाललेली, खळ्यांवर धानाची पुंजणी उभी राहिलेली, आणि गावोगाव मंडई. मंडईच्या दिवसांत आमच्याकडं दारावरून पाहुणा उपाशी गेला तर गावाचं नाक कापलं जातं. त्यात श्रावणभाऊंचं नातं नाही असं गाव नाही. इथं मावसभाऊ, तिथं साडभाऊ, पलीकडं कुणी दंडारीत राजाचा प्रधान झालेला. प्रत्येक गावात बंडीसमोर बाया उभ्या. "जेवल्याबिगर कसे जाता जी?" नव्या तांदळाच्या भाताचा डोंगर, वर वरण, बाजूला तळ्यातली मासळी. नाना शाकाहारी निघाले, तर त्यांच्या भाताचा डोंगर दुप्पट. पहिल्या गावात नाना संकोचले, दुसऱ्यात त्यांनी धोतर सैल केलं, पुढच्या गावाचा ढोल ऐकू आला तशी त्यांनी बंडीत डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. उपयोग झाला नाही. "झोपले तं झोपू द्या, उठले का वाढू," म्हणून गावकरी बंडीभोवती पत्रावळी घेऊन बसून राहिले.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. हिवाळ्यातलं निळं, संथ पाणी. मधोमध नानांनी थर्मामीटर बुडवून पाहिलं आणि "थंड" म्हणाले. ढिवर वल्हं थांबवून त्यांच्याकडे पाहतच राहिला. नदीचं पाणी हिवाळ्यात थंड असतं हे यंत्रातून पाहणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असणार.

ऊनझरीला वेशीवरच डफडी वाजत होती. श्रावणभाऊंच्या सासूबाई सोनाबाई, वाळल्या बोरासारख्या सुरकुतलेल्या आणि तशाच टणक, पायावर पाणी घालायला पुढं आल्या. त्यांचा चेहरा मला जरा ओढलेला वाटला. पण नाना कुठले थांबतात! ते तडक महादेवाच्या देवळाकडं निघाले. देवळापुढं दगडी कुंड, कुंडावर भिंतीत बसवलेलं गोमुख. झरा खरा भिंतीमागं एका खड्ड्यात, तिथून दगडी नाळीतून पाणी गोमुखात यायचं. कुंड असं लख्ख घासलेलं की काल बांधल्यासारखं. तळाला वीतभर पाणी. गोमुख कोरडं.

नानांचा चेहरा पडला. तेवढ्यात गोमुखातून घळघळ आवाज झाला आणि वाफाळतं पाणी भदाभदा खाली आलं. घटकाभर आलं आणि थांबलं. नाना पायऱ्या उतरून, धोतर वर खोचून पाण्यात. थर्मामीटर घातलं. पारा सरसर चढला. "अहो, हे तर कढत आहे!" थोड्या वेळानं परत घळघळ, परत वाफ, परत शांत. नाना पाण्यातूनच ओरडले. "माधव! हा साधा झरा नाही. हा दम घेणारा झरा आहे! पृथ्वीच्या पोटात वाफ कोंडते, दाब वाढतो, मग उसळी. असले झरे फार फार दूरच्या देशांत. मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो रे! आपल्या देशात, इथं, भाताच्या शेतात!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा छाती फुगवून म्हणाले, "म्हटलं नव्हतं जी मी?"

"वास मात्र गंधकाचा नाही," नाना नाक वर करून म्हणाले. "काहीतरी धान्यासारखा आहे."

मी मूलच्या गिरणीवाल्याची मुलगी. तो वास मला कोणी सांगायला नको होता. मी आईला म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि भिंतीमागं गेले.

मागं काय पाहिलं म्हणाल? तीन दगडांच्या चुलींची रांग. चुलींवर धान उकडायचे गंज. गावातल्या झाडून साऱ्या बाया धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी फुंकर घालत होत्या. विहिरीपासून गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, माळ लागलेली, हातोहात पाणी येत होतं. आणि आमचे राजे श्रावणभाऊ, फेट्याला राख लागलेली, गुडघे टेकून चूल फुंकत होते.

"हे काय करून राह्यले, श्रावणभाऊ?"

"बोलू नोको बाई, गुंड पकड!" त्यांच्या राजाच्या आवाजाची पार कुजबुज झाली होती. सोनाबाईंनी मला सांगितलं. निरोप आला तसं गावाला वाटलं, मोठा माणूस एवढ्या लांबून आपलं पाणी पाहायला येतो आणि कुंडात शेवाळ? शोभते का? दिवाळीत घर सारवतो तसं कुंडही सारवायला नको? म्हणून गावानं कुंड उपसलं, घासलं. तेवढ्यानं समाधान होईना, तर झऱ्याचा खड्डाही खरवडून काढला. झरा जो बसला तो बसलाच. आता पुन्हा भरायला आठवडा लागणार, आणि पाहुणे तर वेशीवर. "मंग का करता बाई? पाव्हन्याले कोरडं कुंड दाखवता का?"

पुढून नानांचा आवाज आला, "थांबला वाटतं!" सोनाबाईंनी भरलेला गुंड माझ्या हातात दिला आणि मी तो नाळीत ओतला. विचार करायला वेळच कुठं होता! पदर खोचला, ओतला, दुसरा घेतला. पलीकडून आनंदाची आरोळी आली. गंजाच्या काजळीनं माझं तोंड, हात, नवीन पातळ, सगळं काळं झालं होतं, आणि मान वर केली तर समोर माधव. नानांनी त्याला झऱ्याचा उगम शोधायला पाठवलं होतं.

त्यानं चुली पाहिल्या, गंज पाहिले, मला पाहिलं. म्हणाला, "उगम हाच का?"

मी म्हटलं, "हो."

पोरीचं लग्न मोडायला एवढं पुष्कळ होतं. पण त्यानं बाह्या सरसावल्या आणि जवळचा गुंड उचलला. "मग थांबू नका. नाना वाट बघताहेत."

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम म्हणतात तो आमचा हा असा झाला. धुरात, दोघं खोकत, एकमेकांकडे न बघता नाळीत पाणी ओतत. पुढं कितीतरी लग्नं पाहिली, चांदीच्या ताटांतले पोहे खाल्ले, पण कुणाचं पाहणं मला आमच्यासारखं वाटलं नाही.

लाकडं संपली, झरा थांबला. आम्ही तोंडं पुसून पुढं आलो. नाना कुंडाच्या काठावर उभं राहून गावकऱ्यांपुढं बोलत होते. पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून जाणते लोक घेऊन येतो, मोठमोठे अभ्यासक, सगळ्यांना दाखवतो, हा झरा सगळ्या देशाला ठाऊक झाला पाहिजे. गावकरी माना डोलावत होते, पण त्यांचे चेहरे पांढरे फटक पडलेले. बाबा आनंदानं हसत होते. आई माझ्या कानात म्हणाली, "जमलं वाटते बाप्पा!"

मला जमलेलं दिसत होतंच. गप्प बसले असते तर त्याच संध्याकाळी सुपारी फुटली असती. पण डोळ्यांपुढं ते पुढच्या हिवाळ्यातले जाणते लोक आले. दम न घेणाऱ्या झऱ्याभोवती उभे राहून या म्हाताऱ्याला हसणारे. जन्मभर फळ्यावर झरे काढणारा माणूस, त्याचं असं हसं व्हावं? मला सहन झालं नाही.

"नाना," मी म्हटलं, "तो दम झऱ्याचा नाही. आमचा आहे. आम्ही मागून ओतून राह्यलो होतो."

बाबांनी डोक्याला हात लावला. आईनं पदर तोंडाशी धरला. नानांनी थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्या काजळलेल्या तोंडाकडे. तेवढ्यात माधव पुढं आला. "शेवटचे गुंड मी ओतले, नाना."

नाना भिंतीमागं गेले. आम्ही त्यांच्या मागं. चुली अजून धुमसत होत्या. सोनाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. "रागावू नोका, पाव्हनेबाप्पा. आमचं पानी गरमच ऱ्हाते, देवाची आन. तुमी येनार म्हनून आमीच धुतलं अन् आमीच घालवलं. थांबाल तं खरं दाखवतो."

नानांनी त्या बायांकडे, त्यांच्या पोळलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबतो." आणि देवळाच्या ओसरीवर आपलं अंथरूण टाकून मोकळे झाले.

ते थांबणं माझ्या जिवावर आलं. नाना माझ्याशी बोलत नव्हते. माधवशीही नाही. बाबांना गिरणीची काळजी, आईला माझी. गावाची मंडई भरली, दंडार झाली, श्रावणभाऊ राजा झाले, नानांनी पुढं बसून सगळं पाहिलं, पण लग्नाचं नाव कोणी काढेना. आई रोज उठून म्हणायची, "गेलं. हेही गेलं." बाबा तर जेवताना माझ्याकडे बघतही नव्हते. मी खळ्यावर जाऊन धानाच्या ढिगाआड रडले. रागच आला होता, स्वतःचा नाही, सगळ्यांचा.

मग एका सकाळी गोमुख ओलं झालं. आधी थेंब, मग धार. गाव धावत आलं. धुकं होतं, आणि पाण्यावर वाफ होती की धुकंच, ते कळत नव्हतं. नाना सावकाश उतरले. थर्मामीटर बुडवलं. पारा थोडा चढला, आणि तिथंच थांबला. नानांनी ते परत परत बुडवलं. मुलाला अंघोळ घालतो तसलं पाणी, कोमट. सोनाबाई ओठ चावत उभ्या होत्या.

नानांनी थर्मामीटर पुसलं, नळीत घातलं. धोतर वर घेऊन पायरीवर बसले आणि दुखरे गुडघे त्या पाण्यात सोडले. पाठ आमच्याकडे. माधवनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"सूनबाई," नाना मागं न बघता म्हणाले, "याच्यानं काही पाय शेकत नाहीत. पलीकडं चूल पेटवा बघू, आणि एक गुंड ओता."

मी बसल्या जागेवरून हलले नाही. आईनं कोपरानं ढोसलं. "अवं उठ ना! तुलेच म्हणून राह्यले!"